व्हिक्टोरिया डेचा शनिवार

कॅनडात टोरोंटोशेजारच्या मिसिसागात आमच्या मंडळाचा गणपती दणक्यात होतो, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, दिवाळीला नाटकही बसतं. तरी वर्षातला सगळ्यात लाडका मेळावा कुठला म्हणून विचाराल, तर मी मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या नावाने मिळणाऱ्या सोमवारच्या सुट्टीच्या, लाँग वीकेंडचं नाव घेईन. त्या शनिवारी शाळेच्या पार्किंगमध्ये नवशिक्यांची स्ट्रीट हॉकी असते.

ही कल्पना मुलांची. कॅनडात हिवाळ्यातला अधिकृत राष्ट्रीय खेळ म्हणजे बर्फावरची हॉकी, पण नव्याने आलेल्या घराला ती परवडणं कठीण. स्केट्स, हेल्मेट, अंगभर पॅड, रिंकचं भाडं, शिवाय भल्या पहाटेचे सराव. रस्त्यावरच्या हॉकीला एक स्टिक, टेनिसचा चेंडू आणि पायात धावायचे बूट असले की झालं. आमची मुलं शाळेतून आली की गल्लीत नेट मांडायची. गाडी दिसली की कुणीतरी "कार!" म्हणून ओरडायचं, नेट उचलून कडेला जायचं आणि गाडी गेली की "गेम ऑन!" शेजारच्या टोरोंटोत तर रस्त्यावर असं खेळायला कायद्याने बंदी होती, २०१६ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने संथ वाहतुकीच्या गल्ल्यांपुरती ती उठवली. आम्ही घरातली मोठी माणसं मात्र चहाचा कप घेऊन दारातून बघत राहायचो. "तुम्ही कधी खेळणार?" हे मुलांनी विचारलं आणि त्यातून हा शनिवार उभा राहिला.

सगळ्यात सुंदर भाग सुरुवातीचा. सगळ्यांनी आपापल्या स्टिक मधोमध टाकायच्या. मग एका लहानग्याचे डोळे ओढणीने बांधायचे. त्याने ढिगातून एकेक स्टिक उचलून एक डावीकडे, एक उजवीकडे अशी फेकायची. तुमची स्टिक पडेल तो तुमचा संघ. रस्त्यावरच्या हॉकीत ही रीत इथे जुनी आहे आणि तिच्याइतकी न्याय्य वाटणी मी दुसरीकडे पाहिली नाही. कुणाला शेवटपर्यंत निवडलं नाही म्हणून कोपऱ्यात उभं राहावं लागत नाही. नवरा-बायको समोरासमोर येतात, बँकेतले साहेब तिसरीतल्या मुलीच्या हाताखाली बचाव शिकतात, गेल्याच महिन्यात नागपूरहून आलेलं जोडपं अर्ध्या तासात दहा घरांच्या ओळखीचं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी कायमचे संघ करावेत, चषक ठेवावा, अशी सूचना आली होती. ती आम्ही मानली नाही, आणि फार बरं केलं. चांगलं खेळायला लागलेली मुलं लीगमध्ये जातात. या दिवशी ती आमचे गुरुजी म्हणून येतात.

आणि काय मन लावून शिकवतात! आधी स्टिकची उंची बघायची : जमिनीवर टेकवली की टोक हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये यायला हवं. मग हातात झाडू द्यायचा. झाडताना उजवा हात खाली गेला तर उजवी स्टिक, डावा गेला तर डावी. मी खडकीत वाढले, धनराज पिल्लेच्या खडकीत. आमच्याकडे हॉकीची स्टिक एकाच हाताची, उजव्या. चेंडू तिच्या सपाट बाजूनेच मारायचा, पाठ लागली की शिट्टी. इथे पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. आमच्यातले एक काका खडकीच्या मैदानावर खेळून आलेले. दर वेळी स्टिक फिरवून सपाट बाजू पुढे आणायची त्यांच्या मनगटाची सवय काही जाईना. शेजारच्या पोराने त्यांचा हात धरून सांगितलं, "अंकल, फिरवू नका, तशीच लावा." त्यानंतर काकांनी उलट्या बाजूने जो पास दिला, त्याला दोन्ही संघांनी टाळ्या दिल्या.

नियम नवशिक्यांसाठी सोपे केलेले. स्टिक कमरेच्या वर न्यायची नाही, स्टिक मागे खेचून सणसणीत फटका मारायचा नाही, धक्काबुक्की नाही. गोलसमोरचं अर्धवर्तुळ खडूने आखतात आणि आमच्या मावश्या त्याला रांगोळीची किनार काढतात. चेंडू त्या किनारीवरून गेला की रंग उडतो, आणि मावश्याच सगळ्यात मोठ्याने ओरडतात.

पंच म्हणून गल्लीतले एक वयस्क कॅनेडियन आजोबा येतात. टोरोंटो मेपल लीफ्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघाने १९६७ मध्ये स्टॅनली कप हा तिथला सर्वोच्च चषक जिंकला तेव्हा ते शाळेत होते. त्यानंतर तो कप टोरोंटोला आलेला नाही, तरी त्यांचा निळा टी-शर्ट अंगावरून उतरत नाही. येताना ते टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानातून टिमबिट्सचा, म्हणजे डोनटच्या छोट्या गोळ्यांचा, मोठा खोका आणतात. ज्या दुकानात आम्ही रोज कॉफी घेतो, ते १९६४ मध्ये हॅमिल्टनला काढणारा टिम हॉर्टन हा त्याच सदुसष्टच्या संघातला खेळाडू, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या खोक्याच्या बदल्यात आम्ही त्यांना वडापाव देतो. लसणाची चटणी आता ते मागून घेतात.

पलीकडच्या पंजाबी घरात टीव्हीवर शनिवारची बर्फावरची हॉकी पंजाबी समालोचनासह लागते; इथल्या टीव्हीवर ते २००८ मध्ये सुरू झालं. त्या घरातली मुलं एका वर्षी माइक घेऊन आली आणि त्यांनी असा धमाल रंग भरला की आमच्या मुलींना राहवेना. आता दुसऱ्या डावाला मराठी समालोचन असतं. "चेंडू काकांकडे, काकांनी मावशीला दिला, मावशी एकट्या निघाल्या... आणि आजींनी अडवला!"

या आजी सांगलीच्या. सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबांना इथे जास्त काळ राहू देणाऱ्या व्हिसावर, लेकीकडे आल्या होत्या. थंडीभर घरात कोंडल्यासारख्या झाल्या होत्या. इथे कुणाशी बोलू, कुठे जाऊ, असं म्हणायच्या. त्या शनिवारी नातवाने त्यांच्या पायाला गोलकीपरचे पॅड बांधले आणि हातात रुंद स्टिक दिली. शाळेत खो-खो खेळलेलं शरीर, मधल्या रांगेत वाकून बसायची सवय. चेंडू येताना त्या डोळा हलवत नसत. सामना संपल्यावर मुलांनी त्यांच्याभोवती रिंगण धरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली सगळी पोरं त्यांना नावाने हाक मारू लागली.

त्या सांगलीला परतल्या, पण मे आला की व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न असतो, यंदा गोलात कोण? परवा त्यांच्या लेकीचा फोन आला. तिकीट निघालंय. पंजाबी घरातल्या थोरल्या मुलाने पॅडचे पट्टे आजींच्या मापाने आवळून गॅरेजमध्ये टांगूनही ठेवलेत.