तीन गेमबॉय, एक कलश आणि मे महिन्यातला कूलर

दादाचं सामान त्याच्या आधी पोचलं. न्यू जर्सीतलं घर आवरताना त्यानं जे फेकवत नव्हतं ते सगळं एका खोक्यात भरून नागपूरला पाठवलं होतं. खोक्यात गेमक्यूब निघाला, निन्टेंडोचा टीव्हीला जोडून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. जांभळा, चौकोनी, पाठीला डबा उचलायची मूठ असावी तशी मूठ. सोबत छोट्या तबकड्या, दोन कंट्रोलर, इंडिगो रंगाचा एक गेमबॉय ॲडव्हान्स, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा गेम, आणि दोन विचित्र केबली, ज्यांचं एक टोक कंट्रोलरसारखं आणि दुसरं गेमबॉयमध्ये बसणारं.

त्या तबकड्यांमध्ये 'फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स' हा खेळ होता. जपानात २००३ ला आणि अमेरिकेत २००४ ला आलेला. दादा हॉस्टेलवर तीन मित्रांसोबत हा खेळायचा आणि फोनवर त्याबद्दलच बोलायचा, म्हणून मला तो ठाऊक होता. माझा तेरा वर्षांचा भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे त्रिमूर्तीनगरला आला होता. म्हटलं, याला दाखवू.

पहिल्याच संध्याकाळी गेमक्यूबची पॉवर ब्रिक, म्हणजे वीज देणारा अडॅप्टर, उडाली. दाजींनी हौसेनं पिन बदलायचा छोटा अडॅप्टर आणला आणि ब्रिक सरळ बोर्डात लावली. ती अमेरिकेची, १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. फट् असा आवाज आणि जळक्या मासळीसारखा वास. दाजी म्हणाले, "मोबाइलचा चार्जर तं चालते ना कुठंही!" चालतो, कारण त्याच्यावर १००–२४० लिहिलेलं असतं. वीस वर्षांपूर्वीच्या ब्रिकवर नव्हतं. वाचायला हवं होतं, मीही वाचलं नाही, त्यामुळे भांडायला तोंड उरलं नाही.

सीताबर्डीवर एक कारागीर आहे, गल्लीत, टेबलाएवढं दुकान. त्यानं ब्रिक फोडली, आतला काळा झालेला भाग दाखवला आणि म्हणाला, "ताई, हे तं गेलं. पन पेटीले काही झालं नसन, सगळं हेनंच खाल्लं." ब्रिकवर आउटपुट लिहिलेलं होतं, १२ व्होल्ट, ३.२५ अँपिअर. त्यानं ड्रॉवरमधून सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर काढला, जुन्या ब्रिकची वायर कापली, कारण तिच्या टोकाची पिन बाजारात मिळत नाही, आणि मल्टिमीटर लावून प्लस कुठला ते दोनदा तपासलं. मी विचारलं, "५ अँपिअर जास्त नाही का होणार?" तर म्हणाला, "पेटीले जेवढं लागते तेवढंच ओढन ना ते. व्होल्ट बरोबर पाहिजे." झाळ देताना मात्र हात इतका सावकाश चालवला की मागे उभं असलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. साडेतीनशे रुपये. घरी लावलं आणि तो जांभळा डबा गुंजला. भाच्यानं टाळ्या वाजवल्या, मी देवाला हात जोडले.

पण खरी पंचाईत पुढे होती. या खेळात एकटे असाल तर साधा कंट्रोलर चालतो. दोघं झालात की चालत नाही. प्रत्येकाच्या हातात गेमबॉय ॲडव्हान्सच हवा आणि प्रत्येक गेमबॉयला ती विशिष्ट केबल. चार माणसं, चार गेमबॉय, चार केबली. आज ऐकायला वेडेपणा वाटतो. तेव्हाही वाटलाच असणार.

मग आठवडाभर माझा एकच धंदा. ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या मैत्रिणींत: "कुणाकडे जुना गेमबॉय पडलाय का?" पुण्याच्या मैत्रिणीनं गेमबॉय मायक्रो पाठवला. देखणा, चॉकलेटएवढा, आणि निरुपयोगी, कारण त्याचं केबलचं भोकच वेगळं, लहान. दाजींच्या मित्राच्या मुलानं निन्टेंडो डीएस आणला. त्यात गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटी चालतात, म्हणून आम्ही खूश. मग लक्षात आलं की लिंक केबल लावायची जागाच त्यात ठेवलेली नाही. शेवटी महाल भागात राहणाऱ्या एका मावसभावाकडे दोन गेमबॉय ॲडव्हान्स एसपी निघाले, घडी घालायचे, आतून उजेड पडणारे. एकाची बिजागरी ढिली होती. त्यानं दिले, वर बजावलं, "हरवले तर तुझं नाव टाकीन."

केबलीत मी स्वतः माती खाल्ली. ऑनलाइन मागवली ती दोन गेमबॉय एकमेकांना जोडायची निघाली, दोन्ही टोकं सारखी. तिच्यावर मी आणि भाचा बसून तासभर गेमक्यूबमध्ये कुठं घुसते का ते पाहत होतो. दुसरी बरोबर मागवली ती बारा दिवसांनी आली आणि तिचं टोक जरा हललं की संबंध तुटायचा. शेवटी टोकाखाली काडेपेटीचं पुठ्ठं दुमडून बसवलं. ते आजही तिथंच आहे. चौथा गेमबॉय आणि चौथी केबल काही जमली नाही. तिघंच खेळलो.

दादाच्या इंडिगो गेमबॉयमध्ये सेल वर्षानुवर्षं पडून गळले होते, स्प्रिंगांवर हिरवट-पांढरी बुरशी. आईनं कापसाच्या काडीवर लिंबू पिळलं आणि ते घासलं, मग कोरड्या कापसानं पुसून उन्हात ठेवलं. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, पाच मिनिटांत खडखडीत. दोन पेन्सिल सेल घातले, चालू. लिंबाचा आंबटपणा आणि सेलमधली खार यांचं गणित तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती रिमोटही असेच साफ करते.

मग जोडणी. टीव्ही जुनाच घेतला, वरच्या खोलीतला डब्बा टीव्ही, समोर पिवळी-पांढरी पिन असलेला. गेमबॉय बंद ठेवून केबल लावायची, गेम सुरू करायचा आणि सांगितलं की गेमबॉय ऑन करायचा. आमचे दोन आले, तिसऱ्यावर भलतंच संगीत सुरू. भाच्यानं एसपीमध्ये पोकेमॉनची कॅसेट विसरली होती! कॅसेट असली की तो तिलाच चालवतो. कॅसेट काढा, किंवा स्टार्ट आणि सिलेक्ट दाबून धरून ऑन करा, मग तो कॅसेट सोडून केबलकडे बघतो. गेमक्यूब त्या वायरीतून छोटासा प्रोग्रॅम गेमबॉयच्या मेमरीत पाठवतो, २५६ किलोबाइट एवढी ती जागा, आणि तेवढ्यापुरता गेमबॉय म्हणजे पडदा असलेला कंट्रोलर होतो.

तिसरा खेळाडू आई. तिला घ्यायचं ठरलं नव्हतं. पण खेळात एक कलश असतो, मिआस्मा नावाच्या विषारी धुक्यापासून वाचवणारा. तो एकानं उचलून चालायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या वर्तुळात राहायचं; वर्तुळाबाहेर गेलं की जीव कमी होतो. कलश हातात असलेल्याला तलवार चालवता येत नाही. भाचा म्हणाला, "आजी, तू फक्त कलश धर." आई म्हणाली, "तेवढं जमते मले." तिला उजेडाचा एसपी दिला. इंडिगोवाला माझ्याकडे, ज्याच्या पडद्यामागे दिवाच नाही, म्हणून मी ट्यूबलाइटखाली पाट घेऊन.

आता कूलर. या खेळात प्रत्येकाच्या गेमबॉयवर वेगळी माहिती येते. एकाला रस्त्यांचा नकाशा, दुसऱ्याला राक्षस कुठे आहेत ते, आणखी कुणाला खजिन्याच्या पेट्या. मोठ्या पडद्यावर हे नसतं. सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कळत नाही. जादूही दोघांनी एकाच ठिकाणी नेम धरून, एकाच क्षणी सोडली तर ती मोठी होते. म्हणजे बोलायलाच हवं, आणि खिडकीत आमचा लोखंडी कूलर, फुल स्पीडवर. मी "सोड!" म्हटलं की भाचा "काय?" विचारायचा आणि खेकडा आम्हाला चिमटे घ्यायचा. नदीकाठच्या पहिल्याच वाटेच्या शेवटी तो राक्षसी खेकडा असतो. तिसऱ्यांदा मेलो तेव्हा भाच्यानं उठून कूलर बंद केला. बाहेर ४४. दहा मिनिटांत गेमबॉय हातातून घसरायला लागले, पण आवाज ऐकू येत होते. खेकडा मेला.

मध्येच आई उठून गेली. दूध गॅसवर होतं. तिचा खेळातला माणूस कलश धरून तिथंच उभा, आणि आम्ही दोघं त्या वर्तुळात अडकलेलो. "आजीऽऽ!" "आली आली, उतू गेलं तं तुम्हीच पुसा." राक्षस येत राहिले, आम्ही एकमेकांच्या पाठीला पाठ लावून.

भाच्यानं नंतर मोबाइलवर शोधून सांगितलं की २०२० मध्ये हाच खेळ नव्यानं आलाय, फोनवरही, केबलींची भानगड नाही. खरं आहे. पण त्यात एका टीव्हीसमोर बसून खेळायची सोयच काढून टाकली आहे, सगळं ऑनलाइन. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. प्रत्येक वाटेला सुरुवात करताना तुमच्या गेमबॉयवर एक गुपित अट येते. कुणाला जादू वापरायची नाही, कुणाला पेट्या उघडायच्या, अशा. ती पूर्ण केली की गुण, आणि ज्याचे गुण जास्त त्याला शेवटी बक्षिसातली वस्तू आधी निवडता येते. दुसऱ्याला दाखवायची नाही. आईला ते इंग्रजी वाचवेना. तिनं एसपी पदराखाली धरला, मला नाही, भाच्याला नाही, दाजींना खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. परत आली आणि त्या दिवशी तिचं काहीतरी बिनसलंच. कलश खाली ठेवायची, मुद्दाम राक्षसाच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची, मार खायची, परत यायची. भाचा ओरडून ओरडून थकला. "आजी, काऊन जाऊन राहिली तिकडं?" आजी गप्प. दाजी दाराशी उभे राहून हसत होते.

शेवटी गुण दिसले. आई पहिली, आमच्या दोघांच्या दुपटीनं. तिची अट होती मार खायची. समोर चार वस्तू आल्या, तिनं आधी पदरानं चष्मा पुसला, मग भाच्याकडे पाहून म्हणाली, "थांब, मले नीट पाहू दे."