मेलबर्नमध्ये गाडीला पिवळा स्टिकर: डिफेक्ट नोटीस कशी उतरवली

व्हिक्टोरिया राज्यात पोलिसांची डिफेक्ट नोटीस दोन रंगांत येते. काचेवर लाल स्टिकर लागला की गाडी रस्त्यावर चालवायची नाही. पिवळा लागला, ज्याला इथे ‘कॅनरी’ म्हणतात, तर नोटिशीवरच्या तारखेपर्यंत मुदत असते. माझ्या, सस्पेंशन बदलून उंची कमी केलेल्या सेडानला पिवळा लागला. नोटिशीत तीन गोष्टी होत्या: चाकं, उंची, एक्झॉस्ट. स्टिकर आपण स्वतः काढायचा नाही, तो वेगळा गुन्हा ठरतो.

नोटिशीत तीनच दोष असले, तरी ती उतरवायला रोडवर्दी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र, मागितलं होतं, आणि त्यासाठी परवानाधारक टेस्टर अख्खी गाडी तपासतो: ब्रेक, सीटबेल्ट, गंज, तेलगळती, वायपर, सगळं. इथे दरवर्षी तपासणी नसते. रोडवर्दी लागतं ते मुख्यतः गाडी विकताना किंवा संपलेली नोंदणी पुन्हा करताना. त्यामुळे बदल केलेली गाडी वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस न पडता फिरते आणि सगळे दोष एकदम बाहेर येतात. म्हणून टेस्टरकडे जाण्याआधी गाडी स्वतः नीट तपासून घ्यावी.

सुरुवात चाकांपासून करा, कारण बाकीची मापं त्यांच्यावर अवलंबून असतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर मूळ टायरचं माप लिहिलेलं असतं. माझं २०५/५५ आर१६, म्हणजे व्यास सुमारे ६३२ मिमी. गाडीवर २१५/४० आर१७ होते, ६०४ मिमी. बदलांची राष्ट्रीय नियमावली, व्हीएसबी १४, साध्या प्रवासी गाडीला मूळ व्यासापेक्षा जास्तीत जास्त १५ मिमी मोठा किंवा २६ मिमी लहान टायर चालवून घेते. माझा २८ मिमीने लहान होता. त्याच रिमवर २१५/४५ आर१७ बसवला, व्यास ६२५ मिमी. लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, पाहा: या मापात ८७ आणि ९१ दोन्ही मिळतात, दाराच्या चौकटीवरच्या प्लेटवर ९१ असेल तर ८७ चालत नाही.

ऑफसेट म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते माप. त्याचा घोटाळा डोळ्यांना दिसत नाही. मूळ ४८, बसवलेल्या रिमचा ३५. प्रत्येक बाजूला चाक १३ मिमी बाहेर आलं, ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, २६ मिमीने वाढला. मर्यादा २५ मिमी. एका मिलिमीटरसाठी रिम बदलावे लागले. ३८ ऑफसेटचे घेतल्यावर वाढ २० मिमीवर आली. आतल्या बाजूला सस्पेंशनला घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर, म्हणजे चकती, लावून जुळवण्याच्या फंदात पडू नका, बाहेरून बसवलेले स्पेसर नियमावलीला मंजूर नाहीत.

टायर बदलल्याने गाडी १० मिमीहून थोडी जास्त वर आली. एक्झॉस्टचा फ्लँज, म्हणजे नळ्यांचा जोड, आधी जमिनीपासून ९२ मिमीवर होता, आता १०३. ॲक्सलच्या पुढे-मागे १ मीटरच्या पट्ट्यात किमान १०० मिमी हवं. दोन ॲक्सलच्या मधोमध नियम थोडा सैल आहे, पण मी सगळीकडे १०० धरलं. सपाट जमिनीवर, माणसं आणि सामान उतरवून, १०० मिमी उंचीचा लाकडी ठोकळा गाडीखालून सरकवला. अडकला नाही की झालं.

तरीही एवढ्यावर भागत नाही. सस्पेंशनचा मूळ प्रवास किमान दोन तृतीयांश शिल्लक राहायला हवा, वर दाबला जातानाही आणि खाली सुटतानाही. बॉडी जॅकवर घेऊन चाकं लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून पाहा. सैल होऊन जागेवरून सरकत असेल तर नापास. कापलेल्या स्प्रिंगचा हाच दोष असतो, म्हणून त्या मी कधीच घेणार नाही. कॉइलओव्हरला (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) खालचा ब्रॅकेट स्वतंत्र फिरत असेल तर उंची त्यानेच वाढवा, म्हणजे स्प्रिंगचा ताण तसाच राहतो. नंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख, दोन्ही पुन्हा लावून घ्या.

एक्झॉस्टचा आवाज स्थिर गाडीवर, इंजिन गरम असताना मोजतात: माइक नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात. नोव्हेंबर १९८३ नंतरच्या गाडीला मर्यादा ९० डेसिबल. एडीआर म्हणजे ऑस्ट्रेलियाचे वाहन-रचनेचे नियम; त्यातला नवा एडीआर ८३ लागू असलेल्या गाड्यांना कंपनीच्या प्रमाणित आकड्यावर ५ ची सूट. मधला रेझोनेटर, म्हणजे आवाज कमी करणारा डबा, परत बसवल्यावर माझी गाडी मर्यादेत आली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र हलवायचाच नाही. आवाजाबद्दल पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची नोटीस आली तर तिची चाचणी आणि प्रमाणपत्र वेगळं. रोडवर्दीने ती मिटत नाही.

काचेच्या फिल्ममध्ये बरेच जण फसतात. पुढच्या दारांच्या काचेतून किमान ३५ टक्के प्रकाश आत यायला हवा, आणि मीटर काच व फिल्म एकत्र मोजतो. काच ७५ टक्क्यांची असेल तर तिच्यावर ३५ ची फिल्म लावून हाती येतात २६. मी ५० ची लावली.

वेणीदार ब्रेक होजवर, म्हणजे स्टीलच्या जाळीच्या ब्रेक नळ्यांवर, एडीआर ७ चा शिक्का नसेल तर त्या रबरी होजनी बदला.

आसनं, इंजिन किंवा टर्बो असे मोठे बदल असतील तर टेस्टर ते स्वतः मंजूर करू शकत नाही. त्यासाठी व्हीएएसएस या, बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या अभियंत्यांच्या सरकारी योजनेतल्या अभियंत्याचं प्रमाणपत्र आधी हवं, मग रोडवर्दी. हा क्रम चुकला तर तपासणीचे पैसे वाया जातात. फक्त तपासणीपुरते मूळ भाग बसवून परत काढण्याचा सल्लाही ऐकू येतो. तो घेऊ नका. आधीच्या नोटिशीची नोंद पोलिसांकडे राहते.

नापास झालात तर टेस्टर त्रुटींचा अहवाल देतो. त्यावरच्या मुदतीत त्याच टेस्टरकडे परत जा, नाहीतर संपूर्ण तपासणी पुन्हा. शेवटी गाडी, रोडवर्दी आणि मूळ नोटीस घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. आधी फोन करून गाडी पाहणारा अधिकारी हजर आहे का ते विचारलं होतं. त्याने दोष जुळवून पाहिले, नोटिशीवर सही केली आणि स्टिकर काढला. सही केलेली प्रत आणि टायरचं बिल मी गाडीतच ठेवतो.