आणीबाणीची जोडी आणीबाणीशीच

गणपती जवळ आले की दिवाळी अंकांचा मजकूर माझ्याकडे येऊ लागतो. गिरगावात घरी बसून मी प्रुफं तपासते. लेखक निरनिराळे, चुका मात्र ठरलेल्या: आणी, करुन, म्हणुन, परंतू, कि. या चुकांची माझी एक साधी फाइल आहे. डावीकडे चूक, मधे टॅब, उजवीकडे १९६२ आणि १९७२च्या नियमांप्रमाणे शुद्ध रूप. फाइंड-रिप्लेसच्या खिडकीत एकेक शब्द घालायचा मला कंटाळा, म्हणून अख्खी यादी टर्मिनलवरूनच, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीतूनच, लावते.

सोपा रस्ता सेडचा, म्हणजे मजकुरात शोधून बदलणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमचा. जोड्यांचे नियम एका फाइलीत लिहून ती त्याच्या हाती द्यायची. पण सेडला शब्द कळत नाहीत, अक्षरं जुळली की तो बदलतो. ‘करुन’च्या बाबतीत हे पथ्यावरच पडतं, ‘करुनही’, ‘करुनसुद्धा’ आपोआप सुधारतात. ‘आणी’ सुधारताना मात्र ‘आणीबाणी’ची ‘आणिबाणी’ होते.

भाचा म्हणाला, “मावशी, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शब्दाची हद्द दाखवणारं चिन्ह असतं, ते दोन्हीकडे लाव.” लावून पाहिलं तर उलटाच न्याय! शोध-बदल करणारं पायथनचं नेहमीचं रे (re) मॉड्यूल वेलांटीला अक्षर मानत नाही. वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, साठवली जाते नंतर. त्यामुळे ‘किती’मध्ये वेलांटीनंतर ‘त’ आला की तिथे त्याला हद्द दिसते, आणि सुट्या ‘कि’नंतर मोकळी जागा आली तर दिसत नाही. ‘किती’ची होते ‘कीती’, चुकीचा ‘कि’ जागच्या जागी. शिवाय हद्द सगळीकडे लावली तर ‘करुनही’ सुटतंच.

म्हणून मी पर्ल या दुसऱ्या भाषेवर आले. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत, आहे हे सांगणारा स्विच दिला की ते काना-मात्रा-वेलांटीला शब्दातच धरतं, तेव्हा एकट्या ‘कि’पुरती हद्द तिथे चालते. बाकी सगळ्या चुका, लांब आधी आणि आखूड नंतर अशा लावून, एकाच शोधात गुंफायच्या. सेड एकाच ओळीवर नियमामागून नियम चालवतो, बदललेलंही पुन्हा बदलतो. इथे मजकुरावरून एकदाच हात फिरतो आणि लांब शब्दाचा मान पहिला. मग यादीत ‘आणीबाणी’समोर ‘आणीबाणी’च लिहायची. ती स्वतःशीच बदलते आणि वाचते!

स्टेशनांच्या जुन्या नावांसमोर नवी नावं लिहिलेली माझी दुसरी यादी आहे, तिच्यातही हेच. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालं, पण लोक लिहितात ‘एल्फिन्स्टनला उतरलो’. म्हणून नुसतं ‘एल्फिन्स्टन’ही यादीत हवं, आणि त्याच्याबरोबर ‘एल्फिन्स्टन कॉलेज’ची स्वतःशीच जोडी, नाहीतर प्रभादेवी कॉलेज निघायचं. ही यादी लेखांनाच लावते, कथांना नाही. १९८५ सालची नायिका व्हीटीलाच उतरणार.

मूळ फाइल तशीच ठेवून शेवटी डिफ, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींतला फरक, काढते आणि बदललेली प्रत्येक ओळ वाचते. ‘आजी विहिरीवरून पाणी आणी’ यातला ‘आणी’ बिनचूक आहे, तो हातानेच परत करावा लागतो. ‘पाणी आणी’ची स्वतःशी जोडी घालायची सोय नाही, कारण पुढच्याच लेखात कुणीतरी पाहुण्यांना ‘चहा, पाणी आणी बिस्किटं’ देत असतं.