तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडात राहून नेमबाजी करता येते का?

‘इकडे बंदुकीचे कायदे इतके कडक, मग आपल्यासारख्या व्हिसावर आलेल्या माणसाला नेमबाजी करता येते का?’ इंग्लंडात नव्याने आलेली मराठी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. त्यातही बालेवाडीला किंवा कोल्हापुरात दोन-चार वर्षं एअर रायफल (हवेच्या दाबाने छर्रा मारणारी) मारलेली आणि नोकरीपायी ती सुटलेली मुलं जास्त.

येते. लायसन्स नसतानाही येते, आणि पूर्णपणे कायद्यात राहून. फक्त सुरुवात बंदूक विकत घेण्यापासून करू नका. इथली सगळी सक्ती बंदूक स्वतःच्या ताब्यात ठेवण्यावर आहे. क्लबात जाऊन, क्लबच्याच रायफलने, जाणत्या माणसाच्या नजरेखाली मारायला कायद्यानेच वाट ठेवली आहे.

आधी जे जमणार नाही ते सांगून टाकू. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात गेल्या. त्यानंतर १९९७ च्या दोन कायद्यांनी हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर), अगदी पॉइंट टू-टूची, म्हणजे .२२ इंची छोट्या गोळीची सुद्धा, सामान्य नागरिकाला बंद झाली. म्हणजे राही सरनोबत ज्यात खेळते ते २५ मीटर पिस्तूल इथल्या क्लबात शिकता येणार नाही. हा कायदा इथल्या लोकांनी मनापासून मागून घेतला आहे. क्लबात पाऊल टाकताना तो मान ठेवूनच आत जावं. एअर पिस्तूल चालतं, आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्यात ब्राँझ मिळवलं ती पॉइंट टू-टू रायफलही चालते.

तेव्हा पहिलं काम, घराजवळचा गृहखात्याची मान्यता असलेला रायफल क्लब शोधणं. अर्ज केलात की क्लब तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, प्रत्येकाचंच कळवतात. पूर्वी कैदेची शिक्षा झाल्यामुळे शस्त्र बाळगायला बंदी नाही, असं लिहून द्यावं लागतं. मग निदान तीन महिने उमेदवारी. या काळात नियमित यायचं आणि एकट्याने रायफलला हात लावायचा नाही. बरेच जण इथेच चुकतात: दोनदा येतात, महिनाभर गायब होतात, आणि तीन महिने भरले म्हणून सभासदत्व मागतात. हजेरीची वही असते, आणि नेमाने येणं ही अटच आहे.

स्वतःच्या पॉइंट टू-टू रायफलीसाठी फायरआर्म सर्टिफिकेट, म्हणजे पोलिसांकडून मिळणारा बंदुकीचा परवाना लागतो. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते ‘रेफरी’पाशी, म्हणजे आपली ग्वाही देणाऱ्या माणसांपाशी. ब्रिटनमध्ये राहणारे आणि तुम्हाला निदान दोन वर्षं ओळखणारे दोघे हवेत. नव्याने आलेल्याकडे असे दोघे कुठून असणार? म्हणून पहिली दोन वर्षं क्लबच्या रायफलवर काढावीत. नुकसान काहीच नाही. हिवाळ्यात पंचवीस यार्डांच्या बंदिस्त रेंजवर पोटावर झोपून दहा काळ्या चकत्यांच्या कार्डावर एकेक गोळी मारायची, एवढ्यावरच शिकण्यासारखं भरपूर आहे.

घरी सराव करायचा तर एअर रायफल. इंग्लंड आणि वेल्समध्ये छर्ऱ्याला १२ फूट-पौंडांपर्यंत ऊर्जा देणारी (सुमारे १६ ज्यूल) रायफल आणि ६ फूट-पौंडांपर्यंतचं पिस्तूल सर्टिफिकेटशिवाय ठेवता येतं. वय अठरा पूर्ण हवं. ऑनलाइन पैसे भरलेत तरी दुकानदाराच्या बाबतीत माल समोरासमोरच हातात मिळतो, कुरियरने थेट दारात येत नाही. दहा मीटरच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफली साधारण ७-८ ज्यूलच्या असतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्नच येत नाही. स्कॉटलंडला घर हलवत असाल तर मात्र थांबा: तिथे ३१ डिसेंबर २०१६ पासून याच रायफलीला सर्टिफिकेट लागतं.

बागेत मारताना छर्रा कुंपणाबाहेर गेला तर तो गुन्हा आहे. लाकडी फळीवर भरवसा ठेवू नका, छर्रा उलटून येतो. पत्र्याची पेटी घ्या, जिच्यात छर्रा आतल्या तिरप्या लोखंडी पाटीवर आपटून खाली पडतो. मागे भिंत हवी आणि डोळ्यांवर चष्मा. स्प्रिंगची रायफल रिकामी उडवू नका. छर्ऱ्यामुळे पिस्टनपुढे जो हवेचा दाब तयार होतो तोच पिस्टनला उशीसारखा थोपवतो. छर्रा नसला की पिस्टन थेट धातूवर आदळतो आणि सील जातं. रिकाम्या सरावासाठी मॅच रायफलीत वेगळी सोय असते.

दहा मीटरवरच्या निशाण्यातला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, पेनचं टोक कागदाला टेकवावं एवढा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला तरच दहा. डोळ्यापासून मीटरभर अंतरावर असलेली पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) पाव मिलिमीटर सरकली की तेवढे अडीच मिलिमीटर संपले. हातांच्या जोरावर हे आवरत नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवावं, वजन हाडांवर सोडावं, डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडून बघावं. रायफल निशाण्याच्या डावीकडे उजवीकडे दिसली तर हाताने ढकलायची नाही, मागचं पाऊल किंचित सरकवायचं. नेम धरून आठ-दहा सेकंदांत चाप सुटला नाही तर रायफल खाली घ्या. ओढूनताणून मारलेला शॉट बहुधा आठाच्या बाहेर जातो. छर्रे शिशाचे, म्हणून रेंजवर खाणंपिणं नको आणि निघताना साबणाने हात धुवा.

बिस्लीच्या नेमबाजीच्या मैदानावर एकदा जाऊन या. वॉटर्लूहून गाडीने ब्रुकवूडला उतरायचं. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी तिथेच झाली, आणि मुंबईच्या अंजली वेदपाठकने, म्हणजे आपल्या अंजली भागवतने, चार सुवर्णपदकं घेतली. त्याच मैदानावर आपणही सभासद म्हणून झोपून मारू शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. पोटावर झोपून मारताना पॉइंट टू-टूची एखादी गोळी घरंगळते आणि जॅकेटच्या खिशात, चटईच्या घडीत, बॅगेच्या शिवणीत अडकते. हरभऱ्याएवढ्या जाडीची वस्तू, लक्षातही येत नाही. सर्टिफिकेट नसताना ती घरी गेली तर इथे गुन्हा, आणि तीच बॅग घेऊन मुंबईला गेलात आणि परतताना विमानतळाच्या एक्स-रेत ती दिसली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस केस. उठताना मारलेल्या आणि उरलेल्या गोळ्या मोजा, बेरीज जुळेपर्यंत रेंज सोडू नका. खिसे उलटे करून झटका. आणि रेंजची बॅग वेगळीच ठेवा, जी कधीच गावी न्यायची नाही.