तुम्ही विचारलंत म्हणून: घोडीचा माज बंद करायचं इंजेक्शन

"डॉक्टर, घोडी माजावर आलीया. पळंना झालीया. माज बंद करायचं इंजेक्शन हाय का?"

चिकोडी-निपाणी भागात जत्रा सुरू झाल्या की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारा घोडीची दोरी धरूनच उभा असतो आणि शर्यत चार दिवसांवर आलेली असते. त्या घाईत माझं उत्तर अपुरं राहतं. म्हणून इथे सावकाश लिहितो.

आधी इंजेक्शनाचं. लोक मागतात ते गाईला टोचतात ते, हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट. घोडीचं शरीर ते ओळखतच नाही. त्यानं तिचा माज थांबत नाही आणि गाभ टिकवायलाही त्याचा उपयोग होत नाही. अल्ट्रेनोजेस्ट नावाचं औषध खरंच माज थांबवतं, पण ते रोज तोंडावाटे द्यावं लागतं आणि परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. ते माणसाच्याही कातडीतून आत शिरतं. घरातल्या बायकांनी, त्यातही गरोदर बाईनं, त्याला हात लावू नये. देणाऱ्यानं हातमोजे घालावेत. गर्भपिशवीत जंतू असतील तर हे औषध आग वाढवतं. काही जण गर्भपिशवीत काचेची गोटी ठेवायला सांगतात. मी ठेवत नाही. गोटी आत फुटू शकते, विसरली जाऊ शकते, आणि पुष्कळ घोड्या गोटी असूनही माजावर येतात.

पण माझा खरा मुद्दा इंजेक्शनाचा नाहीच. घोडी पळत नाही याचं कारण माज आहे, हे ठरवलं कुणी?

आपली नजर गाई-म्हशींवर तयार झालेली. गाईचा माज एक दिवसही टिकत नाही. घोडीचा पाच ते सात दिवस टिकतो, आणि साधारण २१ दिवसांनी पुन्हा येतो. मोठ्या दिवसांत घोड्या नियमित माजावर येतात. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यातल्या दिवसाच्या लांबीत फार फरक नसतो, त्यामुळे खायला नीट असेल तर बऱ्याच घोड्या वर्षभर येत राहतात. म्हणजे शर्यतीच्या दिवशी घोडी माजावर असणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि अशा कित्येक घोड्या उत्तम पळतात. शेपटी उचलणं, थोडं थोडं मुतणं, पुठ्ठ्याला हात लावू न देणं ही माजाची लक्षणं, तशीच दुखण्याचीही. पाठ धरली असेल, पट्टा काचत असेल, पोटात व्रण असतील, तरी घोडी असंच करते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तीन पाळ्या मांडून बघा. बिघाड दर तीन आठवड्यांनी येऊन जात असेल तर माजाचा विचार करू. नाहीतर दुसरीकडे शोधायला हवं.

हे मी एका घोडीकडून शिकलो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. अथणीकडच्या एका आप्पांची कुमाईत घोडी, हाडापेरानं सुंदर. आप्पा म्हणाले, "पळताना मागनं आवाज येतोय ओ, भस्सकन हवा गेल्यागत." मी ते कानाआड केलं. माज आहे म्हटलं, तेच गाईचं इंजेक्शन टोचलं आणि निघून आलो. दोन महिन्यांनी त्यांनी बोलावलं तेव्हा घोडीच्या मांड्यांवर वाळलेला पू होता.

त्या दिवशी मी शेपटी बाजूला धरून नीट पाहिलं. शर्यतीच्या तयारीत चरबी झडलेली, त्यामुळे गुदद्वार आत ओढलं गेलेलं आणि निरण, म्हणजे योनीचं बाहेरचं तोंड, उभी राहायच्या ऐवजी आडवी कललेली. शेणाचा प्रत्येक कण तिच्यावरच पडत होता. घोडी दौडली की निरणीतून हवा आत ओढली जाई, हवेबरोबर घाण जाई, आणि सूज तिथून गर्भपिशवीपर्यंत पोचली होती. आप्पांनी सांगितलेला आवाज तोच होता. मधले दोन महिने मी वाया घालवले, याचं वाईट अजून वाटतं.

इलाज तसा जुना आहे. अमेरिकेतल्या कॅस्लिक नावाच्या पशुवैद्यानं १९३७ साली तो मांडला. जागा बधिर करून निरणीच्या वरच्या भागाच्या कडा शिवायच्या, खाली मुतायला वाट ठेवायची. त्याआधी आम्ही आतला स्राव तपासायला पाठवला, गर्भपिशवी सलाइननं धुतली, ऑक्सिटोसिननं आतलं पाणी बाहेर काढलं, नेमकं औषध दिलं. आणि आप्पांनी एक अख्खा हंगाम घोडी जुंपली नाही. एवढं ऐकणारा मालक क्वचित मिळतो. अंग भरल्यावर तिची ठेवणही सुधारली.

तुम्हालाही हे बघता येतं. घोडीच्या मागे जरा बाजूला उभे राहा. निरण उभी हवी, आणि तिचा बहुतेक भाग बसायच्या हाडाच्या खाली हवा. मात्र आत हात घालायचं काम गाईची रेतनं करणाऱ्याकडून करून घेऊ नका. घोडीचं आतडं गाईपेक्षा लवकर फाटतं, आणि फाटलं की घोडी बहुधा वाचत नाही.

"शर्यतही पाहिजे आणि शिंगरूही," असं म्हणणारे वाढलेत. एका घोडीचा गर्भ काढून दुसरीच्या पोटात वाढवता येतो. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात २०२३ साली असं मारवाडी शिंगरू जन्मलं. आपल्या गावात ते यायला वेळ आहे. तोवर घोडी भरवल्यावर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करा, कारण जुळी असतील तर तेव्हाच एक काढता येतं. घोडीला जुळी पेलत नाहीत, बहुतेक वेळा दोन्ही जातात. भर उन्हात तापवून पळवू नका. व्याल्यावर तीन तासांत वार पडली नाही तर रात्र असली तरी फोन करा. गाईसारखी सकाळची वाट बघितली तर घोडीचे खूरही जातात, जीवही जातो.

अंकलीहून माउलींचे अश्व आळंदीला निघतात तेव्हा त्यांच्या पाया पडणारी आपली माणसं. घरच्या घोडीची शेपटी उचलून बघायला लाजू नका, एवढंच मागणं आहे.

आप्पांची घोडी पुढच्या वर्षी मार्चमध्ये भरवली. घोडी साधारण ३४० दिवसांनी विते, आणि शिवण त्याआधी उसवावी लागते, नाहीतर विताना फाटते. नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. संक्रांतीनंतरच्या एका तारखेभोवती गोल काढला आणि खाली लिहिलं: टाके उसवणे, डॉक्टरला बोलावणे.