कारण चित्रात काढता येत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी दुरुस्तीचं सॉफ्टवेअर केलंय. लूमचा म्हणजे यंत्रमागाचा अलार्म कोड टॅबवर टाकला की काय करायचं ते चित्र आणि मजकूर दोन्ही तिथल्या तिथं तयार होतं, आधी छापून ठेवलेलं पान नाही. कल्पना जुनी आहे, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर आणि कॅथलीन मॅकक्यून यांच्या टीमनं १९९० च्या आसपास सैन्याच्या रेडिओच्या दुरुस्तीसाठी कॉमेट नावाची सिस्टीम केली होती, त्यातूनच मी शिकलो. वस्तू कुठं आहे, कशी दिसते हे चित्राकडं, करायची कृती दोन्हीकडं, आणि कारण फक्त मजकुराकडं, अशी त्यांची वाटणी.

त्या दिवशी एका रॅपियर लूमवर (धोट्याऐवजी पट्टीनं आडवा धागा ओढणारा माग) कंट्रोलरच्या बॅटरीचा अलार्म आला. फिटर अण्णा आमच्याकडचे सगळ्यात जुने, पॅनल उघडायचं म्हणलं की पहिला हात मेन स्विचवर, आणि ती सवय एरवी शंभर टक्के बरोबरच आहे. पण या कंट्रोलरची बॅटरी सप्लाय चालू ठेवूनच बदलायची असते, मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलंय, कारण मेमरी त्या बॅटरीवर टिकून असते, ती उतरलेली असताना मेन बंद केला तर टॉवेलच्या डिझाईनपासून पाइलच्या, म्हणजे टॉवेलवरच्या फुगीर फाशांच्या, उंचीपर्यंत सगळं सेटिंग जाऊ शकतं.

टॅबवर पहिल्या चित्रात स्विच चालू दाखवला होता. अण्णांनी बघितलं आणि तरी हात स्विचकडं नेला, चित्रात चालू दिसतोय म्हणजे बंद करायच्या आधीचं दाखवलंय असं त्यांना वाटलं, आणि खरंच चित्र तेवढंच सांगू शकतं. मग त्यांनी चित्राखालची ओळ मोठ्यानं वाचली, "मेन चालूच ठेवा, बंद केलं तर सेटिंग पुसेल." हात थांबला.

"हे आधी कुणी का सांगितलं नाही रे?" म्हणले. मला त्यांचा तो प्रश्न फार लागला कारण मॅन्युअलमध्ये ही सूचना एका पानावर आणि बॅटरीचं चित्र भलत्याच पानावर, कामाच्या घाईत कोण दोन्ही जुळवत बसणार?

पुढच्या स्टेपला कव्हर काढणं आणि बॅटरी बसवणं अशी दोन चित्रं लागत होती, तर सॉफ्टवेअरनं वाक्यंही दोन केली, प्रत्येक चित्राखाली त्याचंच वाक्य. अण्णांनी न विचारता बॅटरी बदलली, लूम चालू, डिझाईन जसंच्या तसं. लगेच म्हणले पाइल बीमच्या (पाइलचा धागा गुंडाळलेल्या रुळाच्या) सेन्सरचं पण असंच करून दे, आता तेच चालू आहे.