गालात फिलर घालण्याआधीचा माझा महिना

सत्तेचाळीस पूर्ण झाली आणि फोटोत आधी नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या दोन रेघा दिसायच्या, मग मी. एप्रिलअखेर भाच्याचं लग्न होतं, म्हटलं यंदा फिलर, म्हणजे कातडीखाली जेल भरायचं इंजेक्शन, करूनच टाकू.

पहिली चूक म्हणजे मी सुरुवात पार्लरपासून केली. घराजवळच्या एका पार्लरमध्ये ऑफर लागली होती, तिथली ताई म्हणाली सुई नाहीच आहे, पेन आहे, प्रेशरने आत जातं, डॉक्टरची गरजच नाही. मी जवळजवळ ॲडव्हान्स दिला होता. लेक म्हणाली, आई, थांब, आणि तिने फोनवर काढून दाखवलं की असल्या बिनसुईच्या पेनबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२१ मध्येच वापरू नका म्हणून बजावलंय. म्हणजे इंदूरात अजून ऑफर चालूय!

मग फेब्रुवारीत पलासियाला एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधी त्यांची एमडीची डिग्री आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बघून घेतला, हे म्हणाले लग्नाला स्थळ बघतेयस का. बघितलं तर काय बिघडलं, सुई माझ्या तोंडात जाणार आहे ना.

बाईंनी रेघांकडे बघितलंच नाही, गाल बघितले. म्हणाल्या वयानुसार गालातली चरबी कमी होते, गाल खाली उतरतो आणि त्याची घडी नाकाजवळ पडते, म्हणून मुख्य फिलर गालात घालू, तोंडाजवळ अगदी थोडं. मग मी लेकीने लिहून दिलेला प्रश्न विचारला, काही गडबड झाली तर हायलुरोनिडेज, म्हणजे फिलर विरघळवायचं औषध, इथे क्लिनिकमध्ये आत्ता आहे का? हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोठा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला तर पुढचा रक्तपुरवठा अडतो, कातडी मरू शकते, आणि फार क्वचित पण डोळ्याची नजरही जाऊ शकते. नाक आणि दोन भुवयांच्या मधली जागा, हे भाग त्यात सगळ्यात धोक्याचे. हायलुरोनिक ॲसिडचं फिलर हायलुरोनिडेजने विरघळवता येतं, सिलिकॉन किंवा कॅल्शियमवालं त्याने विरघळत नाही. बाईंनी ड्रॉवर उघडून बाटल्या दाखवल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्यांचेही प्रश्न खूप होते. ॲलर्जी, थायरॉइड, मधुमेह, आधी चेहऱ्यात काही घातलंय का, ताप आला की ओठांवर पाण्याचे फोड येतात का. येतात, दरवेळी, लहानपणापासून. तर म्हणाल्या सुईने ते उसळू शकतं, म्हणून आदल्या दिवसापासून अँटिव्हायरल गोळ्या दिल्या. मला ते सांगायचं सुचलंही नसतं.

मग गोळ्यांची यादी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, सगळं आठवडाभर आधी बंद, रक्त पातळ होतं आणि काळंनिळं पडतं. डोकं दुखलं की मी डिस्प्रिन घेते, ती ॲस्पिरिनच असते हे माझ्या लक्षातच नव्हतं. पण सासूबाईंसारखी कुणी हार्टसाठी ॲस्पिरिन घेत असेल तर मनाने बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

तारीख मागितली तर रंगपंचमीच्या आधीची देईनात. आम्ही रामबागेतले लोक, राजवाड्याच्या गेरीला, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीला, गेल्याशिवाय राहत नाही, आणि ताज्या सुईच्या भोकांवर गुलाल, वर तोंड घासून रंग काढायचा, मग इन्फेक्शन नाहीतर काय. म्हणून तारीख त्यानंतरची ठरली.

तेवढ्यात दाढ ठणकायला लागली. रूट कॅनाल. डेंटिस्टकडून आल्या आल्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, दाताच्या कामाने तोंडातले जंतू रक्तात जातात आणि फिलरभोवती ठाण मांडू शकतात, दोन आठवडे पुढेमागे अंतर ठेवा. झालं, तारीख पुन्हा पुढे, आता एप्रिलचा पहिला आठवडा. ह्यांना काही कळेना, दातात फिलिंग आणि गालात फिलर, आता अजून कुठे काय भरायचंय?

त्या दिवशीचं काय सांगू, तयारीच्या मानाने काहीच नाही. आधीचे फोटो, संमतीपत्र, सुन्न करायचं क्रीम, मग बॉक्सचं सील माझ्यासमोर फोडलं, एक्सपायरी दाखवली, बॅच नंबरचा एक स्टिकर त्यांच्या फाइलला आणि एक माझ्याकडे. गालात सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, कॅन्युला, वापरली. दाब वाटला, दुखलं फारसं नाही. दोन सिरिंज, प्रत्येकी १ मिली.

घरी दोन दिवस व्यायाम नाही, ऊन नाही, दारू नाही (ती तशीही नाही), डोकं उंच ठेवून झोपायचं, गाल चोळायचे नाहीत. गॅसच्या आचेजवळ जास्त उभी राहू नका म्हणाल्या, म्हणून पोहेसुद्धा ह्यांनी केले, हळद जरा जास्तच.

पण रात्री ११ वाजता डाव्या गालावर जांभळं दिसलं आणि माझे हातपाय गार. बाईंनी शिकवलं होतं, बोटाने दाबून सोडायचं, रंग लगेच परत यायला हवा. कातडी पांढरी पडली, जाळीसारखं जांभळं उमटलं, दुखणं वाढत गेलं किंवा नजर धूसर झाली तर मिनिटभरही थांबायचं नाही. दाबलं, रंग लगेच आला. तरी दिलेल्या इमर्जन्सी नंबरवर व्हिडिओ कॉल लावलाच, बाई चक्क उठून बसल्या, लेकीला मोबाइलचा टॉर्च धरायला लावला, पुन्हा दाबून बघायला लावलं आणि म्हणाल्या साधा मार आहे, काळंनिळं आठवड्यात जाईल. आठ दिवसांनी गेलं.

दाढेची कॅप मात्र राहिली होती. दोन आठवडे भरल्यावर गेले, बॅचचा स्टिकर पर्समधून काढून दाखवला, डेंटिस्टने कार्डावर फिलरची तारीख लिहून घेतली आणि म्हणाले, आता मोठ्ठा आ करा.